पहिला डायब्लो आज पुन्हा खेळायचा तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कॉलेजच्या दिवसांत तुम्ही इंदूरच्या एका सायबर कॅफेत डायब्लो हा तळघरात उतरून राक्षस मारायचा कम्प्युटर गेम खेळायचात. आता चाळिशी ओलांडल्यावर तो पुन्हा खेळावासा वाटला. पहिला भाग सुरू केलात, पण हिरो इतका हळू चालतो की कंटाळा आला, तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर बुचर नावाच्या राक्षसाने लोळवलं आणि तुम्ही गेम बंद केलात. आता विचारताय की दोष वयाचा की गेमचा? पहिला भाग सोडून सरळ दुसरा घ्यावा का, की नवी रिमास्टर केलेली आवृत्ती? इंटेल ग्राफिक्सचा साधा लॅपटॉप पुरेल का? आणि बारा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवावं का?

मी इंदुरातच संगणक दुरुस्तीचं काम करतो. जुने गेम आजच्या मशीनवर नीट चालते करून देणं हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. डायब्लो मी तेव्हाही खेळलो आणि अजूनही अधूनमधून एखादा हिरो तळापर्यंत नेतो. हीच तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यांच्याशी बोलून माझं मत असं झालंय की इथे कोणती आवृत्ती घ्यावी हा दुय्यम प्रश्न आहे. मधल्या पंचवीस वर्षांत आपल्या हाताला वेगळी सवय लागली आहे. नंतरच्या गेमनी, त्यात डायब्लोचा स्वतःचा दुसरा भागही आला, आपल्याला धावत जाऊन गर्दीत घुसायला शिकवलं. ती सवय घेऊन पहिल्या भागात उतरलं की तो रटाळ वाटतो आणि अन्यायीही वाटतो.

याचं कारण त्याच्या घडणीत आहे. डायब्लो बाजारात आला तो १९९६च्या अगदी अखेरीस. बनवला ब्लिझर्ड नॉर्थ या कॅलिफोर्नियातल्या छोट्या चमूने, जो आधी कॉन्डॉर या नावाने काम करायचा. मूळ कल्पना डेव्हिड ब्रेव्हिक यांची. मोरिया, अँगबँड असे अक्षरांनी नकाशा काढणारे पाळीपाळीचे खेळ ते कॉलेजात खेळत आणि डायब्लोही त्यांना तसाच पाळीपाळीचा हवा होता : तुम्ही एक चाल करायची, मग राक्षसांनी. गेम प्रकाशित करणाऱ्या ब्लिझर्डच्या लोकांनी आग्रह धरला की सगळं एकाच वेळी, सलग घडू द्या. ब्रेव्हिक यांचा याला विरोध होता. तरी एका दुपारी बसून त्यांनी बदल करून पाहिला, क्लिक केल्यावर योद्धा चालत गेला, सांगाड्याला फोडलं, आणि तिथेच निर्णय झाला. पण पाळ्यांचा सांगाडा आत तसाच राहिला. गेमचा हिशेब सेकंदाला २० ठोक्यांनी चालतो. जमीन चौकोनांची आहे, एका चौकोनात एकच जीव मावतो, आणि एक चौकोन ओलांडायला हिरोला ८ ठोके, म्हणजे ०.४ सेकंद लागतात. तळघरात धावणं नाहीच.

एवढं लक्षात घेतलं की गेम वेगळाच दिसू लागतो. प्रत्येक पाऊल ही एक चाल आहे, आणि चुकीच्या चौकोनात उभं राहण्याची किंमत मोजावी लागते. त्यात भर घालणारा एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. एका फटक्यात बसलेला मार तुमच्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाने वाढत जाणाऱ्या पातळीच्या, आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर हिरो क्षणभर झोकांडतो आणि तेवढ्या वेळात काहीच करू शकत नाही. समोर एकच राक्षस असेल तर हे निभावतं. तिघांनी घेरलं असेल तर एकाच्या फटक्यातून सावरेपर्यंत दुसऱ्याचा बसतो, मग तिसऱ्याचा, आणि तुम्ही माउस कितीही बडवा, तलवार उचललीच जात नाही. बुचरच्या खोलीत तुमचंही असंच झालं असणार. फरक इतकाच की तो एकटाच तिघांइतका मारतो.

म्हणून पहिल्या भागाची खरी विद्या एकच : दार धरा. खोलीत शिरू नका. दार उघडा, आतल्यांना दिसा, आणि एक पाऊल मागे येऊन चौकटीच्या बाहेर उभे राहा. एका चौकोनाच्या दारातून एका वेळी एकच येऊ शकतो. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेला असाल तर तुम्हाला हे सांगायला नको : मोकळ्या चौकात उभं राहणारा चारी बाजूंनी रंगतो, बोळाच्या तोंडाशी उभा राहणाऱ्यावर रंग फक्त समोरून येतो. गुहांमध्ये, म्हणजे ९ ते १२ या मजल्यांवर दारं क्वचितच असतात. तिथे भिंतीचा कोपरा पाठीशी घ्या किंवा आलेल्या वाटेने मागे सरका. १३व्या मजल्यापासून पुढे सक्युबस नावाच्या राक्षसिणी लांबून गोळे फेकतात आणि तुम्ही जवळ गेलात की मागे सरकतात. त्यांच्यामागे पळणारा हमखास नव्या टोळीच्या मधोमध जाऊन पडतो. भिंतीआड जा, दिसेनासे व्हा. त्या शोधत येतात आणि कोपऱ्यावर तुमच्या तलवारीच्या टप्प्यात सापडतात. पहिल्यांदा हे जमलं ना, की त्या संथ चालीचा राग जातो. राक्षसही त्याच चौकोनांवर, त्याच ठोक्यांना चालतात, हे दिसायला लागतं.

बुचरबद्दल वेगळं सांगतो, कारण निम्मे लोक तिथेच गेम सोडतात. दुसऱ्या मजल्यावर रक्ताने माखलेली बंद खोली दिसली की ती आत्ताच उघडायची सक्ती नाही. पुढे जा, तिसरा-चौथा मजला साफ करा, लेव्हल वाढवा, गावातल्या ग्रिसवोल्ड लोहाराकडून बरं चिलखत घ्या आणि मग परत या. तो तिथेच थांबलेला असतो. धनुष्य असेल तर जाळीच्या भिंतीपलीकडून बाण मारता येतात. अगदीच अंगावर आला तर जिन्याकडे पळा, कारण राक्षस एका मजल्यावरून दुसऱ्यावर पाठलाग करत नाहीत. आणि नव्या खेळात तो दिसलाच नाही तर गेम बिघडला असं समजू नका. सुरुवातीच्या मजल्यांवरच्या बुचर, ऑग्डेनची पाटी आणि गारबाड या तीन मोहिमांपैकी एक दरवेळी गळते. सांगाड्यांचा राजा लिओरिक आणि विषारी पाण्याची मोहीम यांतलीही एकच मिळते. म्हणूनच दुसऱ्यांदा खेळताना तेच तळघर तेच वाटत नाही.

कोणता हिरो घ्यावा, हे मात्र तुमच्या स्वभावावर आहे आणि रोज किती वेळ मिळतो त्यावरही. वॉरियर सुरुवातीला सगळ्यात सोपा आहे आणि दार धरायला शिकवतो. शेवटच्या चार मजल्यांवर लांबून मारणाऱ्यांपुढे त्याची दमछाक होते. रोग, म्हणजे धनुष्यवाली, हा मला सगळ्यात समतोल पर्याय वाटतो. ती लांबून मारते, त्यामुळे झोकांडण्याचा प्रश्नच कमी येतो, आणि परत वळणाऱ्या खेळाडूला मी बहुतेक वेळा तीच सुचवतो. सॉर्सररचे पहिले काही मजले कष्टाचे असतात. माना, म्हणजे जादूची शक्ती, संपतो, पैसा पोशनमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटल्यांत जातो, दोन फटक्यांत जीव जातो. पण मंत्रांची पुस्तकं मिळत गेली, फायरबॉल, चेन लाइटनिंग आणि माना शील्ड हे स्पेल हाती आले, की गेम त्याच्यापुढे नमतो. रोज अर्धा तासच मिळणार असेल तर सॉर्सरर घेऊ नका, पहिल्याच आठवड्यात सोडून द्याल.

काही गोष्टी मागे फिरवता येत नाहीत, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. एकट्याने खेळताना मारलेले राक्षस परत जिवंत होत नाहीत, त्यामुळे एका खेळातला अनुभव आणि सोनं मर्यादित असतं. तोच हिरो घेऊन नवा खेळ सुरू करता येतो, तेव्हा पैसा कमी पडला म्हणून हिरो टाकून देऊ नका. तळघरातल्या काही श्राइन, म्हणजे जादूच्या देवळ्या, कायमचं नुकसान करतात. फॅसिनेटिंग, ऑर्नेट आणि सेक्रेड ही तीन नावं लक्षात ठेवा. त्यांना हात लावलात तर एखादा स्पेल सुधारतो, पण तुमचा कमाल माना १० टक्के घटतो. वॉरियरला त्याची फिकीर नसते, सॉर्सररने त्यांच्याकडे बघूही नये. ब्लॅक डेथ नावाचे झॉम्बी प्रत्येक फटक्याला तुमची कमाल हेल्थ एकाने खातात, त्यांना लांबूनच मारा. वॉरियरला वस्तू दुरुस्त करण्याची कला येते, पण तिने वस्तूचं आयुष्यच कमी होत जातं. चांगली तलवार असेल तर ग्रिसवोल्डला पैसे द्या. अंगठी, ताईत किंवा चिलखतावर ‘बॅलन्स’, ‘स्टॅबिलिटी’, ‘हार्मनी’ असे शब्द दिसले तर ती वस्तू टाकू नका. त्याने झोकांडण्याचा वेळ कमी होतो, आणि तो किती जीवघेणा असतो हे वर आलंच आहे.

सेव्हबद्दल थोडं. आपल्याकडे २००० सालाच्या आसपास वीजकपातीचे दिवस होते, आणि लाईट जायच्या आत सेव्ह करायची सवय आम्हा सगळ्यांना आपोआप लागली. आज लॅपटॉपला बॅटरी आहे, तरी ती सवय पुन्हा लावून घ्या. अडचण अशी की या गेममध्ये एका हिरोला एकच सेव्ह मिळतो. घेरले गेलेले असताना, हेल्थ तळाला गेलेली असताना सेव्ह केलंत तर दरवेळी त्याच मरणात उघडाल. माझी पद्धत अशी : दार उघडण्याआधी सेव्ह, लढाईत कधीच नाही, आणि दर काही मजल्यांनी सेव्हची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवायची.

आता मशीन. इंटेल ग्राफिक्स पहिल्या भागाला पुरून उरतं, त्याची काळजी नको. अडचण वेगळीच येते. मूळ गेम ६४० बाय ४८० आकाराचा आणि २५६ रंगांचा आहे. जुनी सीडी आजच्या विंडोजवर चालवली की रंग बिघडतात, चित्र जांभळं-हिरवं होतं. यावर डेव्हिल्यूशन-एक्स नावाचा मुक्त स्रोत प्रकल्प आहे. गेमचा मूळ कोड उलगडून २०१८मध्ये जो खुला झाला, त्यावर तो उभा आहे. तो रुंद स्क्रीनवर स्वच्छ चालतो, गेमपॅड घेतो, अँड्रॉइड फोनवरही चालतो, आणि मुख्य म्हणजे गेमचे नियम तसेच ठेवतो. त्याला फक्त मूळ सीडीतली डायबडॅट.एमपीक्यू ही मोठी फाइल लागते.

ती फाइल कुठून आणायची? घरात मूळ सीडी असेल तर यूएसबीला लागणारा बाहेरचा सीडी ड्राइव्ह घ्या, इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये सहज मिळतो, आणि फाइल कॉपी करा. पण त्या काळी आपल्याकडे ज्या कॉपी केलेल्या सीड्या फिरायच्या, त्यांतल्या बऱ्याच कापलेल्या होत्या. जागा वाचवायला व्हिडिओ आणि आवाज काढलेले. तशी फाइल घेऊन बसलात तर गेम मधेच अडेल आणि तुम्ही डेव्हिल्यूशन-एक्सला दोष द्याल. त्यापेक्षा जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावरून विकत घ्या. तिथे २०१९पासून तो अधिकृतपणे मिळतो, किंमत सुमारे १० डॉलर, आणि त्यातली फाइल पूर्ण असते. पैसे घालण्याआधी चाखून बघायचं असेल तर डेव्हिल्यूशन-एक्स जुन्या शेअरवेअरच्या, म्हणजे फुकट नमुना आवृत्तीच्या, स्पॉन.एमपीक्यू या फाइलवरही चालतं. त्यात फक्त वॉरियर आणि पहिले दोन मजले आहेत, पण दार धरायचा सराव करायला तेवढं पुष्कळ झालं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर त्यावर हे काहीच बसवू नका, कृपा करून.

डेव्हिल्यूशन-एक्सच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी चालू करा : गावात धावणं, सोनं आपोआप उचलणं आणि अनुभवाची पट्टी. ट्रिस्ट्रम गावात एड्रिया चेटकिणीच्या झोपडीपर्यंत रेंगाळत जाण्यात कसलंही कौशल्य नाही, ती चाल वाचवलीत तर गेमचं काही बिघडत नाही. राक्षसांच्या हेल्थची पट्टी मात्र मी बंदच ठेवतो आणि तुम्हीही ठेवा. समोरचा किती उरलाय हे माहीत नसताना मागे सरायचं की आणखी एक फटका टाकायचा, हा निर्णय घेण्यातच या गेमची भीती आहे. आणि हेडफोन लावा. मॅट यूलमन यांनी बारा तारांच्या गिटारवर बांधलेलं ट्रिस्ट्रमचं संगीत तर ऐकण्यासारखं आहेच, पण तळघरात अंधारातून येणारे आवाज ही माहितीसुद्धा असते. प्रकाशाच्या वर्तुळाबाहेर कोण आहे, हे बऱ्याचदा कान आधी सांगतात.

हेलफायर हा १९९७चा जोडभाग सिनर्जिस्टिक या दुसऱ्याच कंपनीने बनवला. त्यात मंक हा नवा हिरो आणि दोन नव्या जागा आहेत. मूळ गेमची जी मोजूनमापून बांधलेली चढण आहे, १६ मजल्यांत चर्चपासून नरकापर्यंत, ती त्याने सैल होते असं मला वाटतं. परतीच्या पहिल्या खेळात तो बाजूला ठेवा.

दुसऱ्या भागाचं काय? डायब्लो २ आला जून २००० मध्ये, आणि तो थोर गेम आहे यात वाद नाही. पण त्याची गोडी वेगळी आहे. तिथे धावता येतं, प्रत्येक हिरोला ३० स्किल आहेत, दर नव्या खेळात राक्षस पुन्हा उभे राहतात, आणि खरा रस त्याच बॉसला पुन्हा पुन्हा मारून वस्तू गोळा करण्यात, हिरो घडवण्यात आहे. त्याला शेवटच नाही. पहिला भाग साधारण पंधरा-वीस तासांत संपतो आणि संपल्यावर मन भरतं. संसार, नोकरी सांभाळून खेळणाऱ्याने हा फरक आधी लक्षात घ्यावा. तुम्ही विचारलेली रिमास्टर, म्हणजे दुसऱ्या भागाची २०२१ची रिसरेक्टेड आवृत्ती, मला मनापासून आवडते, कारण नव्या चित्रांच्या खाली जुना हिशेब तसाच चालतो आणि एक कळ दाबली की जुनं चित्र समोर येतं. पण ती ८ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड मागते. तुमच्या लॅपटॉपवर ती रडतखडत चालेल आणि त्याचा राग तुम्ही गेमवर काढाल. शिवाय कॅफेतल्या आठवणीत ट्रिस्ट्रमची गिटार आणि बुचरचा आवाज असेल, तर तुम्हाला पहिलाच भाग हवा आहे.

मुलाचा प्रश्न नाजूक आहे आणि तो शेवटी आईवडिलांनीच ठरवायचा. माझं मत विचारलंत म्हणून सांगतो : बारा वर्षांना नको. अमेरिकेतल्या मानांकनात हा गेम सतरा वर्षांवरच्यांसाठी आहे. बुचरच्या खोलीत खुंटांवर टांगलेली प्रेतं आहेत, आणि ती जुन्या ठिपक्यांच्या चित्रातही पुरेशी बोचतात. त्याच्यासोबत खेळायची हौस असेल तर टॉर्चलाइट घ्या. २००९चा गेम, बनवणाऱ्यांत डायब्लोचे एरिक आणि मॅक्स शेफर होते, संगीत पुन्हा मॅट यूलमन यांचं. एका गावाखाली मजल्यामागून मजले उतरायचे, ही बांधणीही तीच, पण रंग उजळ, रक्तपात सौम्य, मानांकन तेरा वर्षांवरच्यांसाठी. जेमतेम ताकदीच्या मशीनसाठी त्यात वेगळा नेटबुक मोडही आहे, म्हणजे तुमचा लॅपटॉप आरामात ओढेल. इंदूरच्या रामबागेत आमच्यापैकी एकाच मित्राकडे पीसी होता, तेव्हा आम्ही डायब्लो दोघं मिळून खेळायचो. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याची बोटं १ ते ८ या कळांवर, पट्ट्यातल्या पोशनसाठी. हेल्थ कधी द्यायची हे दुसऱ्याने ठरवायचं. टॉर्चलाइटमध्येही आकड्यांच्या कळांवर पोशन आणि स्किल लावता येतात, तेव्हा तशीच वाटणी करून बघा. कळांवर त्याला बसवा, तुम्ही माउस घ्या.

डेव्हिल्यूशन-एक्स बसवताना अडलात तर विंडोज कोणतं आहे आणि डायबडॅटची फाइल सीडीतून घेतली की जीओजीवरून, एवढं इथेच लिहा. फाइलचा आकार ५०० एमबीच्या खूप खाली दिसत असेल तर ती कापलेली आहे, तिच्यावर संध्याकाळ घालवू नका.